रुमालाखालचा जबाब

माझ्या सख्ख्या मामानं, सोमला कारभाऱ्यानं, आमच्या बेचाळीस घरांच्या तांड्याला फसवलं. भर दुपारी, मोहाच्या झाडाखाली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फसवलं. आणि ज्या रुमालाखाली फसवलं तो रुमाल माझा होता.

हे आज लिहायला बसलो कारण पळस पुन्हा फुलला आहे. काल दिग्रसच्या बाजारातून परत येत होतो. एसटीच्या खिडकीतून टेकड्या दिसल्या, एकेका झाडाला पान नाही, नुसती फुलं. शेतं रिकामी. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, अर्ध्या चुलीला जातील, अर्ध्या होळीला. खिडकीशी बसलेली एक पोरगी दहावीच्या पेपरची उजळणी करत होती. नागरिकशास्त्र असावं, कारण ओठ हलवत ती पुन्हापुन्हा म्हणत होती, "प्रजासत्ताक म्हणजे प्रजेची सत्ता." मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. पळस पाहून लोकांना रंग आठवतो. मला मामाचा हात आठवतो. गरम, कोरडा, तळव्यावर कासऱ्याचे घट्टे पडलेला.

तो हात मी लहानपणापासून ओळखतो. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरले. आम्ही जमिनीवर टेकलो, शेतं केली, पण बैल काही सुटले नाहीत. मामा बाजारात बैलांची दलाली करायचा. बाप गेल्यावर त्यानं मला बरोबर घेतलं आणि रुमालाखालची बोली शिकवली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरतात, वरून रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असोत, कोणाला काही कळत नाही. तोंडानं दोघं पावसापाण्याचं बोलत असतात. आणि समोरच्यानं सांगितलेला आकडा पोचला, की आपण त्याचा हात एकदा परत दाबायचा. त्या दाबण्याला मामा 'जबाब' म्हणायचा.

"ज्यानं जबाब देला नाही," मामा सांगायचा, "त्याच्या मनात पाप हाय असं समजायचं, आन् हात काढून घ्यायचा. समजलं का रे शंकऱ्या?"

समजलं होतं. त्या एका वाक्यावर मी माझा धंदा उभा केला. सातवी पास माणूस मी, पण दिग्रस ते उमरखेड कोणत्याही बैलबाजारात मला कोणी म्हातारा बैल तरणा म्हणून गळ्यात बांधू शकत नाही. एकानं बांधला होता, फार वर्षांपूर्वी. देखणा, शिंगं तेल लावून चकचकीत केलेली, आणि वखराला जुंपला की ओळीच्या मधोमध बसायचा. उठायचं नावच नाही. मी भांडलो नाही. तीन वर्षं थांबलो. मग त्याच माणसाच्या जावयाला, भर बाजारात, सासऱ्याच्याच तोंडून तारीफ करवून, तोच बैल घ्यायला लावला. लोक मला तापट म्हणतात. तापट आहेच. पण माझा ताप चुलीतल्या लाकडासारखा नाही, राखेखालच्या गोवरीसारखा आहे. तो टिकतो.

आता नायकाचं सांगतो.

प्रत्येक तांड्याला एक नायक असतो आणि नायकाच्या हाताखाली कारभारी. दोन्ही पिढीजात. नायकाचा पोरगा नायक, कारभाऱ्याचा पोरगा कारभारी. भांडण मिटवणं, सोयरीक जुळवणं, सण कधी आणि कसा, सगळं नायकाच्या शब्दावर. गावात निवडून आलेला सरपंच आहे, पण तो तांड्याच्या बैठकीला आला तर नायकाच्या खाली सतरंजीवर बसतो. दर सव्वीस जानेवारीला शाळेवर झेंडा चढतो तेव्हा दोरी कोणाच्या हातात असते? नायकाच्या. प्रजासत्ताक चिरायू होवो असं पोरं ओरडतात आणि प्रजा टाळ्या वाजवते. वर्षानुवर्षं कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

माझा बाप बैठकीत दारापाशी बसायचा, लोक चपला काढतात तिथं. आमचं घराणं धाकट्या पातीचं, म्हणजे धाकट्या शाखेतलं, म्हणून आमची जागा तीच. बाप बोलायला लागला की थोरल्या घरांतलं कोणीतरी खोकायचं. तो खोकला मी अजून ओळखू शकतो. बाप शहाणा होता, न्यायाचा होता, पण चपलांजवळून बोललेलं नायकाच्या ओट्यापर्यंत पोचत नाही.

म्हातारा थावरू नायक मात्र माणूस चांगला होता, हे कबूल करतो. त्याच्या शब्दाला वजन होतं, कारण तो रोज आमच्यात होता. कोणाची गाय व्याली, कोणाची पोरगी माहेरी येऊन बसली, त्याला न सांगता कळायचं. तो चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात गेला. तेराव्याला त्याच्या मुलाला, विजयला, पागोटं बांधलं. विजय पुण्यात कंपनीत आहे. पागोटं बांधलं तेव्हा त्यानं दोन फोटो काढले आणि संध्याकाळची गाडी पकडली.

मग होळी आली. ज्या मोसमाबद्दल मी लिहितो आहे तो इथून सुरू होतो.

आमची होळी पहाटे पेटते, उजाडायच्या आत. आणि ती पेटवायच्या आधी नायकाच्या दारी जाऊन रजा मागावी लागते. डफ वाजवत जायचं, लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणत, म्हाताऱ्या बाया आरशांच्या ओढण्या घालून पुढं, आणि नायक दारात येऊन म्हणायचा, पेटवा. त्या वर्षी आम्ही डफ वाजवत गेलो तर दाराला कुलूप.

"थांबा," सोमलामामा म्हणाला, "फोन लावतो."

मामानं फोन लावला. लागेना. मास्तरानं, म्हणजे आमच्या तांड्यातल्याच देविदास मास्तरानं, त्याच्या फोनवरून लावला. बंद. मामा फोन उंच धरून पाण्याच्या टाकीवर चढला. खाली बेचाळीस घरं थंडीत उभी. डफ गार पडले, चामडं ढिलं होऊन त्यांचा आवाज बसला. मोहाच्या झाडाखाली फुलं टपटप पडत होती, त्यांचा तो गोडसर, जड वास. पूर्वेला पांढरं व्हायला लागलं.

"आरे पेटवा आता," मी म्हणालो. "नायक झोपला असन पुण्यात."

"रजेबिगर?" मामा टाकीवरूनच ओरडला. "तुह्या बापानं पेटवली होती का कधी रजेबिगर?"

"माह्या बापाले कोणी काडी तरी हातात देली होती का?"

लोक हसले, पण कोणी काडी ओढली नाही. सूर्य टेकडीच्या वर आला. तेव्हा कुठं फोन लागला. मामानं तो मोठ्या आवाजावर टाकला. विजय जांभई देत म्हणाला, "अहो काका, पेटवा ना! मला कशाला विचारताय? दरवर्षी पेटवताच की."

मामानं फोन खिशात घातला, पागोटं सारखं केलं आणि टाकीवरून जाहीर केलं, "रजा भेटली!"

उन्हात पेटलेली होळी तुम्ही कधी पाहिली आहे का? ज्वाळा दिसतच नाही. नुसता धूर आणि हवेची थरथर. म्हाताऱ्या बाया गाणी न म्हणताच पाया पडल्या. त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. पुण्यात झोपलेल्या नायकाला आमच्यावर राज्य करायचंच नव्हतं. त्याला ते नकोच होतं. राज्य हवं होतं टाकीवर उभ्या असलेल्या माणसाला. नायक जितका लांब, कारभारी तितका उंच.

धूळवड संपेपर्यंत मी घराघरांत फिरलो. म्हणालो, नायक निवडून ठेवू. तांड्यात राहणारा, दर तीन वर्षांनी नवा, कोणत्याही पातीतला. लोकांनी तोंडावर विचारलं, "शंकरभाऊ, तुलेच व्हायचं हाय ना?" मी म्हणालो, हो, मनात आहे. का नसावं? ज्याचा बाप चपलांजवळ बसला त्याला ओट्यावर बसावंसं वाटू नये असा कुठं नियम आहे? पण मलाच करा असं म्हणत नाही. विचारा, एवढंच म्हणतो. आम्हाला एकदा विचारा.

मामाचंही म्हणणं ऐकण्यासारखं होतं. ते लपवलं तर मीही त्याच्यासारखाच ठरेन. बैठकीत तो शांतपणे म्हणाला, "सरपंचाच्या निवडणुकीनं काय झालं ते पाह्यलं ना तुम्ही? सख्खे भाऊ बोलत नाही. एका घरात दोन चुली झाल्या. नायक जन्मानं होतो, म्हणून त्याच्यापायी कोणी कोणाचा वैरी होत नाही. थो काही जिंकत नाही, म्हणून कोणी हरत नाही." बरीच डोकी हलली. माझंही हललं, कारण ते खरं होतं. मी एवढंच म्हणालो, "मामा, बाप बैठकीत रोज हरायचा. ते तुम्ही मोजलंच नाही."

शेवटी ठरलं, मत घ्यायचं. एका घराचा एक हात.

देविदास मास्तर वहीची पानं फाडून घेऊन आला. "चिठ्ठ्या करू," म्हणाला. "गुप्त राह्यल."

आणि इथं मी चुकलो. कोणी मला ढकललं नाही, मी आपणहून चुकलो. मी मास्तराला हसलो. म्हणालो, "अर्ध्या घरांले लिहिता येत नाही, आन् ज्याले येते त्याचं अक्षर सारा तांडा ओळखते. कागद खोटा बोलते मास्तर, हात नाही बोलत." खांद्यावरचा रुमाल काढला, लाल चौकड्यांचा, बाजारात तीस वर्षं वापरलेला. म्हणालो, जुन्या रीतीनं करू. एक बोट दाबलं तर पिढीजात गादी राहू द्या, दोन दाबली तर निवडा. आणि हात कोणाच्या हातात द्यायचा? मीच म्हणालो, मामाच्या. बाजारात त्याच्या हातानं कधी खोटं सांगितलं नाही.

लोकांना ते फार आवडलं. आपली रीत, आपला रुमाल. मामानं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला वाटलं होतं की त्याचे डोळे अभिमानानं भरले आहेत. बैल घेताना मी डोळे इतक्या सहज वाचले असते तर आज भीक मागत बसलो असतो.

दुपार होती. मोहाची सावली पातळ, फुलं अंगावर पडत होती. एकेक माणूस पुढं जायचा, मामाच्या समोर उकिडवा बसायचा, रुमालाखाली हात घालायचा आणि उठायचा. पोरीचं लग्न ठरवताना असावी तशी शांतता होती. फक्त जमनायाडीच्या वेळी ती मोडली. जमनायाडी, आमच्यात याडी म्हणजे आई, ती विधवा, घरात कर्ता पुरुष नाही, म्हणून हात तिचा. ती रुमालाकडे पाहून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी का बैल हाय का, रुमालाखाली हात द्याले? मह्यं दोन! ऐकू आलं ना कारभारी? दोन!"

सगळा तांडा हसला. मीही हसलो. आज वाटतं, त्या दुपारी एवढी एकच बाई शहाणी होती.

शेवटी माझी पाळी आली. मी बसलो, हात घातला, मामाची दोन बोटं घट्ट दाबली आणि उठलो.

मामानं रुमाल झटकला, घडी केला, मला परत दिला आणि उभा राहून सांगितलं, "गादीच्या बाजूनं सव्वीस. निवडणुकीच्या बाजूनं सोळा. नायक विजयच." डफ वाजले. त्याच मोहाखाली गूळ वाटला गेला. माझ्या हातावरही एक खडा ठेवला कोणीतरी. मी तो घरी जाईपर्यंत मुठीत धरून ठेवला होता, बोटं चिकट झाली.

मग हळूहळू, एकेक करून, लोक भेटायला लागले. विहिरीवर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत. इकडं तिकडं पाहून कानात सांगायचे, "भाऊ, मी तं दोनच दाबले होते बरं." मी बोलत गेलो नाही, मनात धरत गेलो. पावसाळा लागेपर्यंत, माझा धरून, ते तेवीस झाले. बेचाळीस घरांतले तेवीस. सोळा नव्हे.

शेवंता, माझी बायको, चुलीपुढून म्हणाली, "मंग काही लोक खोटं बोलून राह्यले असन तुमच्याशी. बैल हरला की सारेच म्हणतात, मी म्हटलंच होतं."

"सात घरं खोटं बोलून राह्यली?"

"सात काहून, सतरा बोलतीन. तुमचं त्वांड पाहून कोण म्हणन, मी तुमच्या उल्टं दाबलं?" मग भाकरी उलटताना हळूच म्हणाली, "आन् बायांले इचारलंच नाही तुम्ही. अर्धा तांडा तं तुम्हीच रुमालाबाहेर ठेवला. आता हिशोब कोणाचा करता?"

पुढच्या वेळी विचारीन, एवढंच तिला म्हणालो. ती म्हणाली, पुढची वेळ येऊ तं द्या.

मास्तरही भेटला. त्यानं टोमणा मारला नाही, म्हणून जास्त लागलं. "भाऊ," तो म्हणाला, "चिठ्ठ्या असत्या तं परत काढून पाह्यता आल्या असत्या. दाबलेलं बोट परत कसं पाह्यचं?"

हेच ते. बाजारातला रुमाल दोघांच्या मध्ये असतो. लपतं ते तिसऱ्यापासून. त्या दोघांना मात्र सगळं माहीत असतं, एक खोटं बोलला तर दुसरा तिथंच त्याचं मनगट पकडतो. मी तो रुमाल बेचाळीस जणांवर टाकला आणि सगळ्यांना एकमेकांपासून लपवलं. कोणी कोणाला पाहिलं नाही. सगळं पाहिलं ते एका माणसानं. राजा म्हणजे याहून वेगळं काय असतं? ज्याच्या एकट्याच्या हातात सगळ्यांचे हात आणि ज्याला कोणी विचारू शकत नाही, तो राजा. राजा ठेवायचा की नाही हे विचारायला आम्ही बसलो आणि विचारण्यासाठीच एक राजा नेमला. नेमणारा मी.

त्याला चार वर्षं झाली. चार होळ्या फोनवरून पेटल्या. आता मामा आदल्या संध्याकाळीच फोन करून रजा घेऊन ठेवतो, म्हणजे उशीर होत नाही. नायकाची सवड पाहून सण चालतो आहे. विजय पागोटं बांधल्यापासून दोनदा आला. माणूस वाईट नाही. मला पाहिलं की म्हणतो, "कसे आहात काका, ते इलेक्शनचं मनावर घेऊ नका." लोक म्हणतात, आता सोड. चार वर्षं मी मामाच्या दारची पायरी चढलो नाही. माझ्या पोरीच्या लग्नात माझ्या आजोळचा, म्हणजे मामाचा, मान असतो, तो मी मास्तराला दिला. आई असती तर तिनं मला झोडपलं असतं. मामा मांडवाबाहेर रस्त्यावर उभा राहून परत गेला, हे शेवंतानं मला सांगितलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. बरंही वाटलं. कोणतं जास्त ते मी तोलत बसलो नाही.

तो रुमाल मी धुतलेला नाही. पेटीत आहे. काढला की अजून मोहाचा शिळा वास येतो.

आणि आता ती गोष्ट, जी मी चार वर्षं शेवंतालाही सांगितली नाही. काल बाजारात एका नवख्या माणसाशी सौदा केला. त्यानं माझा हात परत दाबला, घट्ट, हसून. तिथंच मला ती दुपार पुन्हा बोटांत आठवली. इतर माणसांच्या बोटांचं मला माहीत नाही. सव्वीस की एकोणीस, सोळा की तेवीस, शेवंता म्हणते तसं कदाचित तांडाच माझ्याशी खोटं बोलला असेल. पण एक हात असा आहे की ज्याचा साक्षीदार मी आहे. माझा स्वतःचा. मी दोन बोटं दाबली. वाट पाहिली, अर्धा श्वास, सवयीनं. आणि मामाचा हात तसाच पडून राहिला. गरम, कोरडा, मुका. ज्या माणसानं बाजारात कसायाच्या हातालाही जबाब दिल्याशिवाय रुमाल काढला नाही, त्यानं बहिणीच्या पोराचा हात तसाच सोडला.

मामा, तुम्हाला वाचता येत नाही. हे मी छापायला देतो आहे आणि मास्तराला सांगून ठेवलं आहे. होळीच्या आदल्या दिवशी तो मोहाखाली सगळ्यांसमोर हे वाचून दाखवील, बायांसकट. तुमचा हात आता थरथरतो असं ऐकतो. थरथरू द्या. मला दया येईल या भरवशावर राहू नका, मी तीन वर्षं एका बैलासाठी थांबलेला माणूस आहे. मी तिथं तुमच्यासमोर उकिडवा बसणार आहे, तोच हात पुढं करून, रुमालाशिवाय, उघड्यावर. दोन बोटं दाबणार आहे. सव्वीस कुठून आणले ते तुम्ही तांड्याला सांगायचं. मला फक्त माझ्यापुरतं सांगायचं. तुम्हीच शिकवलं होतं, ज्यानं जबाब दिला नाही त्याच्या मनात पाप असतं.

चार वर्षं हात पुढं धरून बसलो आहे, मामा. जबाब द्या.